डेकल आणि त्यावरचे पारदर्शक कवच

छापील चित्र कागदावरून सोडवून दुसऱ्या पृष्ठभागावर बसवायचे आणि ते टिकावे म्हणून त्यावर पारदर्शक लेप द्यायचा, या जोडकामाचा इतिहास मोठा आहे. विमानाच्या वीतभर मॉडेलवरचे वायुदलाचे वर्तुळ, सायकलच्या नळीवरचे कंपनीचे नाव, शिवणयंत्राच्या काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी आणि खुर्जाच्या कपावरचे फूल ही सगळी एकाच कुळातली चित्रे आहेत. इंग्लंडमध्ये त्यांना ट्रान्सफर म्हणत. मॉडेल करणाऱ्यांत आणि कुंभारकामात आज डेकल हे नाव चालते. या कुळाच्या बहुतेक शाखा दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात कधी ना कधी नांदल्या. सोनीपतला सायकली बनल्या, खुर्जात चिनी मातीची भांडी भाजली गेली, चाणक्यपुरीत जुने रेल्वेडबे जपले गेले आणि पालमला वायुदलाची विमाने मांडली गेली.

या सगळ्या ठिकाणी कारागिरापुढे अडचण एकच होती. चित्र ज्या पातळ पापुद्र्यावर छापलेले असते तो पापुद्रा आणि वरून द्यायचा लेप हे दोन्ही पुष्कळदा एकाच जातीच्या द्रावकात विरघळतात. रक्षणासाठी आणलेला लेपच मग चित्राला सुरकुत्या पाडतो, त्याच्या कडा उचलतो किंवा ते पार विरघळवून टाकतो. पारदर्शक लेपांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या एका अडचणीवरच्या तोडग्यांचा इतिहास आहे.

छापील चित्रे येण्याआधी हाताने काढलेल्या चित्रांवर असा लेप देण्याची रीत भारतात होतीच. महाराष्ट्रातले तिचे उत्तम उदाहरण म्हणजे सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळाचे पत्ते. चिंचोक्याची खळ आणि खडू लावून, घोटून गुळगुळीत केलेल्या पत्त्यावर पाण्यात कालवलेल्या रंगांनी दशावतार रंगवतात आणि वरून लाखेचा थर चढवतात. लाख पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यातला रंग लाखेमुळे हलत नाही. रंग आणि कवच परस्परांपासून अलिप्त राहतील अशी निवड या कारागिरांनी अनुभवातून केली होती. पुढे रसायनशास्त्राने जे नियम सांगितले त्यांचे सार या पत्त्यात आधीच होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

छापील चित्र वस्तूवर उतरवण्याचे तंत्र अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये आकाराला आले. सिमॉन फ्रान्स्वा राव्हने हा फ्रेंच खोदकामगार लंडनजवळच्या बॅटरसी येथे मिनाकामाच्या वस्तूंसाठी तांब्याचे पत्रे कोरत होता. लिव्हरपूलचे जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी १७५६ साली सहा तासांत १,२०० फरशांवर चित्रे छापल्याचे प्रतिज्ञापत्र केले. एकोणिसाव्या शतकात शिळाछापाचे तंत्र आले आणि ट्रान्सफर रंगीत झाली. घाटकोपरला १८९४ मध्ये सुरू झालेल्या राजा रविवर्मांच्या छापखान्यातही हेच तंत्र होते: प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. मात्र ट्रान्सफर छापताना क्रम उलटा धरावा लागे. पाहणाऱ्याला जो रंग सर्वांत वर दिसायचा तो आधी, आणि मागचे पांढरे किंवा सोनेरी अस्तर शेवटी.

ही चित्रे दिल्लीत पोचली ती रेल्वेबरोबर. ईस्ट इंडियन रेल्वे १८६७ साली दिल्लीला आली. त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीत डब्यांवर कंपनीची मानचिन्हे ट्रान्सफरने बसवत आणि वरून तेलातल्या व्हार्निशचे अनेक हात देत. प्रत्येक हात वाळायला दिवस लागे. मग तो घासायचा आणि पुढचा चढवायचा. हे व्हार्निश जवसाच्या तेलात रेझिन शिजवून केलेले असे. वाळल्यावर ते कडक व चकचकीत होई, पण काही वर्षांत पिवळे पडे आणि पांढरी अक्षरे मलईच्या रंगाची दिसू लागत. चाणक्यपुरीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये उघडले. प्रिन्स ऑफ वेल्ससाठी १८७५ मध्ये बांधलेला डबा आणि म्हैसूरच्या महाराजांचा डबा यांमुळे ते ओळखले जाते. जुन्या डब्यांची छोटी मॉडेले करणाऱ्यांपुढे एक प्रश्न नेहमी असतो. अक्षरे कारखान्यातून निघाली तेव्हाची शुभ्र दाखवायची, की व्हार्निशखाली पिवळसर झालेली? दोन्ही रूपे खरी आहेत, म्हणून मॉडेल कोणत्या वर्षाचे आहे हे आधी ठरवणे इष्ट.

सामान्य घरात ट्रान्सफर आली ती शिवणयंत्रावरून. सिंगर यंत्राचे ओतीव अंग काळ्या रंगाने भाजून झाकत, त्यावर सोनेरी नक्षी उतरवत आणि शेवटी पारदर्शक लाखेचा लेप देत. लाख हे मुख्यतः भारताचे उत्पादन. छोटा नागपूरच्या पळस आणि कुसुमाच्या झाडांवर एक बारीक कीटक ती तयार करतो, आणि कलकत्त्याच्या बंदरातून ती जगभर जात असे. तिच्या अभ्यासासाठी १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला संशोधन संस्था उभी राहिली. स्कॉटलंडमधल्या किंवा अमेरिकेतल्या कारखान्यात नक्षीवर चढवलेले कवच भारतातल्या झाडांवरून आलेले होते आणि तेच यंत्राबरोबर परत भारतात येई. पुढे भारतातच उषा यंत्रे बनू लागली. ती बनवणारी कलकत्त्याची जय इंजिनिअरिंग वर्क्स १९३८ च्या सुमारास दिल्लीच्या लाला श्रीराम यांच्या उद्योगसमूहात आली, आणि काळ्या अंगावर सोनेरी नावाची परंपरा घराघरांत रुजली.

लाखेचा गुण आणि दोष एकाच जागी आहे: ती स्पिरिटमध्ये विरघळते. लाखदाणा स्पिरिटमध्ये भिजवून फर्निचरला पॉलिश करणाऱ्या प्रत्येक सुताराला हे माहीत असते. पण जुन्या शिवणयंत्राची साफसफाई करणाऱ्याला ते ठाऊक नसले तर मोठे नुकसान होते. स्पिरिटचा बोळा फिरवला की मळाबरोबर लाख निघते आणि उघडी पडलेली नक्षी दुसऱ्याच फेरीला पुसली जाते. अशी यंत्रे जपणारे जाणकार म्हणून शिवणयंत्राच्याच तेलाने मळ मऊ करतात, सुती कापडाने टिपतात आणि स्पिरिट जवळही येऊ देत नाहीत. गेलेली नक्षी परत आणता येत नाही. नवी ट्रान्सफर बसवता येते, पण ती मूळ नव्हे.

सायकलीने या कामाला कारखान्याची शिस्त दिली. जानकीदास कपूर यांनी १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस सायकलचा कारखाना काढला. दिल्लीच्या उत्तरेचे हे गाव पुढे सायकलींमुळे देशभर ओळखले गेले. दिल्लीत एस्प्लनेड रोड आणि झंडेवालान हे सायकलींचे मोठे बाजार झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांना ॲटलसने सायकली पुरवल्या. पृथ्वीचा गोल उचललेल्या पुरुषाचे तिचे चिन्ह उत्तर भारतात निरक्षर माणसालाही ओळखू येई. ग्राहक नाव वाचत नसे, चित्र पाहून सायकल निवडत असे. त्या चित्राचे महत्त्व त्यावरून कळते.

सायकलीच्या सांगाड्यावर ट्रान्सफर बसवण्याची जुनी ब्रिटिश रीत अशी होती. ट्रान्सफरच्या पाठीला व्हार्निशचा पातळ हात द्यायचा आणि तो बोटाला जेमतेम चिकटेल इतका वाळू द्यायचा. मग चित्र नळीवर दाबायचे, वरचा कागद ओला करून सोडवायचा, डिंक धुऊन काढायचा आणि पूर्ण वाळल्यावर पारदर्शक लेप द्यायचा. यात सर्वांत निर्णायक पायरी डिंक धुण्याची. डिंकाचा अंश राहिला तर वरचा लेप तिथे नीट धरत नाही आणि पावसाळ्यात त्या जागी पापुद्रा सुटतो. पाण्याने सरकवून बसवायच्या डेकलमध्ये व्हार्निश लावण्याची पायरी गेली, पण डिंक धुण्याची राहिलीच. पुढे मागून चिकट असलेले प्लास्टिकचे स्टिकर आले आणि स्वस्त सायकलींवरून लेपही गेला. ॲटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, बंद पडला. आता जुन्या ॲटलस दुरुस्त करून सजवणाऱ्यांना तिची चिन्हे नव्याने छापून घ्यावी लागतात.

खुर्जाची वाट निराळी. बुलंदशहर जिल्ह्यातले हे गाव राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच येते, आणि तिथल्या भांड्यांना २०१५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पूर्वी भांड्यावर हाताने निळी-हिरवी फुले काढत आणि त्यावर काचेसारखी झिलई देऊन भट्टी लावत; म्हणजे चित्र कवचाखाली. मगांवर आणि कपांवर छापील चित्रांची मागणी वाढली तसे डेकल आले आणि क्रम उलटला. आधी झिलई दिलेले भांडे भाजायचे, त्यावर पाण्यात भिजवलेले डेकल सरकवायचे, रबराच्या पट्टीने पाणी आणि हवा बाहेर काढायची आणि साधारण ८०० अंश सेल्सियसच्या आसपास पुन्हा भाजायचे. डेकलचा लॅकरचा पापुद्रा जळून जातो, आणि रंगातली बारीक काच वितळून झिलईत रुतते. इथे पारदर्शक लेपाची गरजच उरत नाही. मात्र पाण्याचा एक थेंब जरी खाली अडकला तरी भट्टीत त्याची वाफ होते आणि चित्राला भोक पडते. मॉडेलवरच्या डेकलचा सर्वांत मोठा शत्रूही हीच अडकलेली हवा किंवा पाणी. फरक इतकाच की तिथे ती चित्र फोडत नाही, त्याला चंदेरी झाक आणते.

मॉडेलकडे वळताना पहिला टप्पा बाल्सा लाकूड आणि पातळ कागदाच्या विमानांचा लागतो. राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा १९५० मध्ये सुरू झाली आणि विमानांची मॉडेले बनवणे हा तिच्या शिक्षणाचा भाग झाला. प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरासाठी देशभरातले छात्र दरवर्षी जानेवारीत दिल्ली छावणीत येतात, आणि तिथल्या स्पर्धांत मॉडेलांनाही स्थान आहे. अशा विमानांचा कागद ताणण्यासाठी त्यावर डोप लावत. डोप म्हणजे नायट्रोसेल्युलोजचे द्रावण, आणि डेकलचा पापुद्राही त्याच पदार्थाचा असे. डेकलवर डोपचा ओला हात पडला की चित्र गोळा होई. म्हणून आधी डोप पूर्ण करायचा आणि डेकल शेवटी बसवायचे असा नियम होता. पण इंजिनाच्या विमानात एवढ्याने भागत नसे. मिथेनॉल आणि एरंडेल यांचे इंधन पंखांवर उडे आणि ते डोपही खाई, डेकलही. लाख मिथेनॉलमध्ये विरघळत असल्याने तीही उपयोगाची नव्हती. त्यामुळे इंधनाला दाद न देणारा वेगळा पारदर्शक लेप आला आणि तो डेकलवर आधी अगदी पातळ मारण्याची पद्धत रूढ झाली. पातळ थरांची सवय मॉडेलकारांना लागली ती याच गरजेतून.

प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या मॉडेलांचा उगम ब्रिटनमध्ये १९३६ च्या फ्रॉग पेंग्विन मालिकेत सापडतो. एअरफिक्सने १९५३ मध्ये १/७२ प्रमाणातले स्पिटफायर स्वस्तात विकायला काढले आणि हा छंद घरोघरी गेला. भारतात ही खोकी दीर्घकाळ परदेशातल्या नातलगांकडूनच येत. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरचे उरलेले परिमाणात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले आणि मग दुकानांत परदेशी मॉडेले, रंग व डेकल दिसू लागले. त्याआधीच्या पिढीने जे हाती होते त्यावर काम केले: फर्निचरचे लॅकर, मोटारीचा पारदर्शक रंग, तसबिरीचे व्हार्निश. त्यात पुष्कळ डेकल वाया गेले, पण कोणता लेप कशाला चालतो याचे ज्ञानही त्यातूनच जमले.

भारतीय वायुदलाची विमाने करणाऱ्यांना पालमचे १९६७ मध्ये सुरू झालेले वायुदल संग्रहालय हा मोठा आधार आहे. वापिती, लायसँडर, स्पिटफायर, लिबरेटर, व्हॅम्पायर, तुफानी, नॅट, हंटर आणि मारुत यांसारखी विमाने तिथे एका जागी पाहता येतात. वायुदलाच्या खुणा अनेकदा बदलल्या. दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी घोटाळा होऊ नये म्हणून पूर्व आघाडीवर वर्तुळातला लाल रंग काढला गेला. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्राची खूण आली, आणि १९५० पासून बाहेर हिरवे, मध्ये पांढरे आणि आत केशरी असे आजचे वर्तुळ रूढ झाले. हे तीन रंग पारदर्शक लेपाची कठोर परीक्षा घेतात. लेप जरा पिवळा पडला की पांढरे वलय मळते, केशरी आणि पांढरा यांतला फरक मंदावतो, आणि हिरवाही जुन्या पानासारखा दिसू लागतो. अमेरिकन विमानांच्या ताऱ्यावर खपून जाणारा पिवळेपणा भारतीय वर्तुळावर खपत नाही. एनॅमलचे व्हार्निश डेकलला सहसा इजा करत नाही, पण पिवळे पडते. म्हणून भारतीय खुणांसाठी ते टाळणेच योग्य.

सेल्युलोजचे लॅकर, एनॅमल, ॲक्रिलिक आणि दोन भाग मिसळून वापरायचे पॉलियुरेथेन हे आजचे मुख्य पर्याय. पाण्यातले ॲक्रिलिक डेकलला सर्वांत सौम्य. फरशी चमकवण्यासाठी विकले जाणारे ॲक्रिलिक द्रव्य जगभरच्या मॉडेलकारांनी अनेक वर्षे वापरले ते याच कारणाने: ते स्वतःच सपाट पसरते, पिवळे पडत नाही, आणि चूक झाली तर अमोनियाने काढता येते. डब्यातून फवारायचे लॅकर कडक आणि सुंदर चमक देते, पण ओले मारले तर डेकल जाळते. पॉलियुरेथेन सर्वांत टणक; मात्र त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्याने योग्य मुखवटा आणि खेळती हवा नसेल तर ते घरात वापरू नये.

अनुभवाने पक्का झालेला क्रम असा. रंग पूर्ण वाळल्यावर आधी चकचकीत पारदर्शक थर द्यायचा. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो आणि त्याच्या खळग्यांत हवा अडकून डेकलखाली चंदेरी डाग दिसतात. चकचकीत थर ते खळगे भरतो. मग डेकल कोमट पाण्यात भिजवून सरकवायचे आणि ते मऊ करणारे द्रावण ब्रशने लावायचे. या द्रावणाने पापुद्रा काही वेळ सुरकुततो. तेव्हा त्याला हात लावायचा नाही. वाळताना तो आपोआप सपाट होऊन सांध्यांच्या रेषांत बसतो. निदान एक दिवस जाऊ द्यावा, आणि मग ओल्या मऊ कापडाने डिंकाचे डाग पुसावेत. सोनीपतच्या सायकलीला लागू असलेला नियम इथेही तसाच लागू आहे. त्यानंतरचा लेप धुक्यासारखा, जवळजवळ कोरडा मारायचा. असे दोन-तीन हात वाळू दिल्यावर त्यांची एक ढाल तयार होते, आणि मगच ओला हात द्यायचा. मॅट किंवा अर्धमॅट थर सर्वांत शेवटी. घरच्या इंकजेट यंत्रावर छापलेल्या डेकलला मात्र पाण्यात घालण्यापूर्वीच पारदर्शक लेप द्यावा लागतो, नाहीतर शाई पाण्यात उतरते. खोक्यात वर्षानुवर्षे पडून ठिसूळ झालेले डेकलही भिजवण्याआधी लेपाने बांधून घ्यावे.

या क्रमाइतकेच दिल्लीत ऋतूला महत्त्व आहे. जूनअखेर पाऊस आला की हवा दमट होते. लॅकरमधला द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतले बाष्प जमते आणि लेप दुधासारखा पांढरा पडतो. मे महिन्यात उलट होते: लू वाहत असताना फवाऱ्याचे थेंब मॉडेलवर पोचण्याआधीच सुकतात आणि पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा होतो, शिवाय धूळ बसते ती वेगळीच. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात ओलसर थंडीमुळे लेप वाळता वाळत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हे दिल्लीत पारदर्शक लेपासाठी सर्वांत चांगले दिवस. ते चुकले आणि काम थांबवता येत नसेल तर ब्रशने लावायचे पाण्यातले ॲक्रिलिक वापरावे. कोणताही नवा लेप मात्र प्रथम डेकलच्या त्याच पानावरच्या वापरात नसलेल्या आकड्यावर किंवा अक्षरावर, रंगवलेल्या फालतू प्लास्टिकच्या तुकड्यावर लावून एक रात्र ठेवून पाहावा, आणि तो या कसोटीला उतरला तरच मूळ मॉडेलला हात लावावा.